ही हसायची ती त्याच्या मालिकेला

माझी बायको हसते तेव्हा आधी तिचे खांदे हलतात. आवाज नंतर येतो. हे मला दाराच्या फटीतून बघून माहीत झालं. दर बुधवारी संध्याकाळी ती टीव्हीसमोर बसायची, टीव्हीवर माझ्या मित्रानं लिहिलेली विनोदी मालिका चालू असायची, आणि मी आतल्या खोलीत लिहीत बसल्याचं सोंग करून तिचे खांदे बघायचो. त्या मालिकेला टेपवरचं हसू जोडलेलं असे. विनोद संपला की न दिसणारी पन्नास माणसं एकदम खो खो करायची. ही त्यांच्याही आधी हसायची. पदरानं डोळे पुसायची आणि परत हसायची.

मीही विनोदच लिहायचो. त्याच्याइतकाच, त्याच धंद्यात, त्याच वर्षांत. माझ्या लिखाणाला ती कधी हसली नव्हती. ओठ सुद्धा हलायचे नाहीत. मला पुरस्कार नको होता, मुंबईत फ्लॅट नको होता. बरं, हवा होता, पण नंतर. आधी ही एकदा हसायला हवी होती. माझ्या वाक्याला, तशी, खांदे हलवून.

हा मित्र मूळचा पुण्याचा नव्हे, हे पहिलं माझं दुखणं. विदर्भातून शिकायला आला आणि शनिवार पेठेत आमच्या समोरच्या घरात भाड्यानं राहिला. आमच्या कॉलेजात, आमच्या एकांकिकांच्या ग्रुपमध्ये घुसला. "भाऊ, मले काही तुमच्यासारखं टोचून बोलता येत नाही," असं म्हणत म्हणत त्यानं अख्ख्या ग्रुपला हसवून सोडलं. स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसायचा. आमच्याकडे हे असभ्य समजतात. विनोद करावा आणि कुणीतरी मेल्यासारखा चेहरा ठेवावा, अशी आमची रीत. पण त्याचं सगळ्यांना चालायचं. आम्ही दोघं मिळून एकांकिका लिहायचो आणि लोक बक्षीस समारंभानंतर त्याच्याभोवती जमायचे. मी सतरंज्या उचलायला मदत करायचो.

शिक्षण संपल्यावर मला पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली. स्टोअर्समध्ये. नट, बोल्ट, गॅस्केट. तो नुसताच भटकत होता. मग गच्च्यांवरून केबलच्या वायरी आल्या आणि बघता बघता घराघरात इतकी चॅनल झाली, की ती भरायची कशानं हा चॅनलवाल्यांनाच प्रश्न पडला. कुणीही जरा बरं लिहिणारा दिसला की त्याला मुंबईला उचलून न्यायचे. तो एक बॅग घेऊन गेला. मी राहिलो. आई होती, नोकरी होती आणि माझं नुकतंच लग्न झालं होतं.

लग्न आमचं रीतसर, पोहे खाऊन ठरलेलं. मुलगी कसबा पेठेतली, सहकारी बँकेत नोकरीला. "आपल्याला नाटकाची आवड आहे का?" मी विचारलं होतं. "नाटक चांगलं असेल तर आहे," ती म्हणाली. मी तिथंच होकार दिला. पुढं लग्नानंतर माझं पहिलं नाटक लागलं तेव्हा तिला पहिल्या रांगेत बसवलं. घरी येताना विचारलं, "कसं वाटलं?"

"खुर्च्या चांगल्या होत्या," ती म्हणाली.

मला राग आला, पण वाक्य झकास होतं. पुढच्या नाटकात एका सासूच्या तोंडी टाकलं. प्रयोग थांबवायला लागेल इतकी लोकं हसली. मी विंगेतून हिच्याकडे बघितलं. ही पर्स मांडीवर घेऊन सरळ बसलेली.

टीव्हीचं काम मला मिळालं तेही त्याच्याच ओळखीनं. हे अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. त्याच्या एका निर्मात्याला पुणेरी कुटुंबावर मालिका करायची होती. यानं सांगितलं, "पुणेरी लिहायचं तर आमचा भाऊ आहे ना तिथं." म्हणजे मला काम मिळालं ते मी चांगला लिहितो म्हणून नाही, तर पुण्यात राहतो म्हणून! नकार द्यायला पाहिजे होता. दिला नाही. सकाळी कारखाना, संध्याकाळी लिखाण, आणि लिहिलेली पानं कोपऱ्यावरच्या बूथवरून फॅक्सनं मुंबईला. बूथवाला पानं सरकवता सरकवता वाचायचा. वाचून हसायचाही. बूथवाला हसतो आणि घरात ही हसत नाही, आता बोला!

माझ्या मालिकेत एक बायको होती. शांत, नेटकी, कमी बोलणारी, पण बोलली की समोरच्याचा फडशा. तीच गाजली. नवरा कोण, सासरा कोण हे लोक विसरून जायचे, तिची वाक्यं मात्र पाठ करायचे. अमेरिकेतून कॉम्प्युटरवाला भाचा येतो, येताना बाटलीबंद पाणी घेऊन येतो, आणि ही म्हणते, "बरं केलंस. आमच्याकडे पाणी पिऊन आत्तापर्यंत सगळे म्हातारेच झालेत." या वाक्यावर मला निर्मात्याचा खास फोन आला होता. आता हे घडलं होतं आमच्याच स्वयंपाकघरात, भाचा हिचाच, वाक्य हिचंच. पण घडलेलं उचलायचं नाही तर विनोदी लेखकानं करायचं काय? आकाशाकडे बघत बसायचं? सगळेच उचलतात.

दरम्यान त्याची मालिका जोरात होती. त्यात एक मामा होता. दर भागात काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचा आणि त्यातून भलतंच काहीतरी चालू व्हायचं. मिक्सर उघडला की शेजाऱ्यांचा दिवा लागायचा, असलं. मला विचाराल तर अगदी पोरकट. बोचरं एक वाक्य नाही. मी हिला तसं म्हटलंही. "यात विनोद काय आहे, सांग ना. मिक्सरनं दिवा लागतो, यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली आणि परत हसायला लागली.

तो पुण्यात आला की आमच्याकडे उतरायचा. संत्रा बर्फीचा पुडा घेऊन यायचा आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. "वहिनी, काय सांगू तुम्हाले," अशी सुरुवात व्हायची. एकदा म्हणे तो एका बड्या निर्मात्याबरोबर लिफ्टमध्ये अडकला. संधी साधून यानं त्याला एका सिनेमाची गोष्ट सांगायला घेतली. शेवटाला आला आणि लिफ्ट सुरू झाली. दार उघडलं. निर्माता बाहेर पडेना. म्हणाला, परत वर चला, पुढं काय होतं ते सांगा. ही तव्यावरची पोळी विसरली. पोळी जळली. माझ्या संसारात पोळी जळल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संशय होता का? छे हो. संशय असता तर सोपं होतं, भांडता आलं असतं. तो तिला वहिनी म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. त्याच्या बायकोची नि हिची गट्टी होती. मला त्याची बायको नको होती आणि त्याला माझी नको होती. त्याला जे न मागता मिळत होतं ते मला हवं होतं, आणि ते मागायचं कसं? "जरा हस" म्हणून? एकदा तेही केलं. भाग लागला होता, मी शेजारी बसलो आणि म्हटलं, "अगं, निदान या वाक्याला तरी हस." ती म्हणाली, "हसले असते, पण तुम्ही बघताय." झालं. तेही पुढच्या महिन्यात मालिकेत आलं. नवरा गातो आणि बायको ऐकते, अशा प्रसंगात बसवलं.

पेठेतली माणसं तर मीठ चोळायला टपलेलीच. एक गृहस्थ रोज सकाळी दूध घेऊन येताना थांबायचे. "ते मामाची मालिका लिहितात ते तुमचे मित्र ना? काय लिहितात हो!" मग जरा थांबून, "तुमचंही बघतो आम्ही. वेळ असला की." मी हसून मान डोलवायचो आणि घरी येऊन आईवर ओरडायचो.

मग हिनं बँक सोडली आणि एका सॉफ्टवेअर कंपनीच्या हिशेब खात्यात लागली. हिंजवडीला. सकाळी कंपनीची बस यायची, गळ्यात ओळखपत्र, भोवती सगळी पोरंसोरं इंग्रजीत बोलणारी. ही रोज संध्याकाळी येऊन तिथल्या गमती सांगायची, चेहरा न हलवता. "दर शुक्रवारी आम्हाला मजा सक्तीची आहे," एकदा म्हणाली. "फन फ्रायडे म्हणतात. मी विचारलं, नाही केली तर रजा मांडायची का? तर ती पोरगी गंभीरपणे म्हणाली, मॅनेजरला विचारून सांगते." मी ताट बाजूला सारून आतल्या खोलीत गेलो. माझ्या मालिकेतली बायकोही पुढच्याच महिन्यात आयटी कंपनीत नोकरीला लागली. प्रेक्षकांना भारी आवडलं. चॅनलवाले म्हणाले, काळाची नस पकडलीत. मी म्हटलं, निरीक्षण लागतं.

कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी हिला विचारलं म्हणे, "मॅडम, मालिकेतल्या त्या बाई म्हणजे तुम्हीच ना?"

"नाही," ही म्हणाली. "त्यांना बोलायचे पैसे मिळतात."

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. ती हसली नाही. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ताटं उचलली. दोन आठवड्यांनी तेही वाक्य टीव्हीवर लागलं, तेव्हा ती उठून गॅलरीत कपडे काढायला गेली. मला वाटलं, पाऊस येईल म्हणून.

शेवटी मी ठरवलं, हिला तो प्रकार आवडतो ना, मग तोच लिहून दाखवतो. रजा काढली आणि एक भाग त्याच्या पद्धतीनं लिहिला. त्यात एक आजोबा होते, ते मोबाइल शिकतात, त्यावरून गोंधळ. टोमणे नाहीत, टोचणं नाही, सगळं गोड गोड. लिहिताना माझा जीव गेला. छापील पानं हिच्यापुढं ठेवली आणि समोर पेपर धरून बसलो. ती शांतपणे वाचत होती. सगळी पानं वाचली, नीट जुळवली.

"बरं आहे," म्हणाली. "कुणाचं आहे?"

त्यानंतर मी तिला वाचायला देणं सोडलं. तिनंही मागितलं नाही. बुधवारी मात्र टीव्ही लागायचाच.

सिनेमा मिळाला तो खूप उशिरा. तोवर मी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, फॅक्स जाऊन ईमेल आला होता, जुनी थिएटरं बंद पडून मॉलमधली आली होती. कथा, पटकथा, संवाद, सगळं माझं. माझं नाव पडद्यावर एकट्याचं येणार होतं. मी हवेत होतो. चित्रीकरणाला महिना उरला असताना दिग्दर्शकाचा फोन आला. मध्यंतरानंतर जरा कोरडं होतंय म्हणाला. कुणाचा तरी हात फिरवून घेऊ. कुणाचा? तर त्याचा! मी फोनवर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण शेवटी त्यानं एक प्रसंग लिहून दिला. श्रेय घेणार नाही, घरी कुणाला सांगणारही नाही, असं मला स्वतः फोन करून म्हणाला. "भाऊ, तुझं पिक्चर आहे, मी फक्त खिळा ठोकला." त्याच्या या मोठेपणानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घेतलं असतं श्रेय तर निदान शिव्या घालता आल्या असत्या.

पहिला खेळ दुपारचा होता. हिनं ठेवणीतली साडी नेसली होती. आम्ही मधल्या रांगेत. सिनेमा सुरू झाला आणि लोक पहिल्या पाच मिनिटांतच हसायला लागले. माझ्या मालिकेतली बायको इथंही होती, थोडी वयानं वाढलेली. तिच्या प्रत्येक वाक्याला हशा. मागची पोरं तर वाक्य संपायच्या आत टाळ्या देत होती. मी पडद्याकडे बघतच नव्हतो. अंधारात माझं लक्ष डावीकडे. ती सरळ बसलेली, पर्स मांडीवर.

मध्यंतर झालं. मका खाल्ला. मग तो प्रसंग आला. एक म्हातारे गृहस्थ कुणाच्या तरी घरी मयत झालं म्हणून भेटायला जातात. गाव बाहेर वाढलेलं, नव्या इमारती सगळ्या एकसारख्या, ते चुकून भलत्याच इमारतीत, भलत्याच घरात शिरतात आणि सोफ्यावर बसून रडायला लागतात. घरातला माणूस गोंधळतो. पण शेजारी कोण राहतं, कोण गेलं, हे त्याला तरी कुठं माहीत? त्याला विचारायची लाज वाटते. तो पाणी आणून देतो. "फार भला माणूस होता हो," पाहुणा म्हणतो. "फारच," यजमान म्हणतो. आणि बोलता बोलता त्यालाही रडू येतं. मग त्याच्या बायकोला. मग डबा द्यायला आलेल्या पोऱ्यालाही.

माझ्या डावीकडे खांदे हलायला लागले. मग आवाज आला. ती हसत होती. माझ्या सिनेमात, माझ्या नावाच्या पाटीखाली, माझ्या शेजारी बसून, पदर तोंडावर दाबून हसत होती. तिनं माझा हात सुद्धा धरला. आणि मी तिथं बसून त्या माणसाचा इतका द्वेष केला की माझ्या तोंडाला कडू चव आली.

बाहेर लोकांनी घेरलं. अभिनंदन, फोटो, काय वाक्यं आहेत, कुठून सुचतं हो तुम्हाला. हिनं घड्याळ बघितलं. "मंडईतून जाऊ," म्हणाली. "घरात भाजी नाहीये."

म्हणजे ठेवणीतली साडी आणि हातात पिशवी, अशी आमची विजयी मिरवणूक मंडईत. ती मटार निवडत होती. मी पिशवी धरून उभा. माझ्याच्यानं राहवेना. बोलायचं नाही असं त्यानं कबूल केलं होतं, मी नव्हतं.

"तू हसलीस तो प्रसंग," मी म्हटलं.

"माहितेय. तुमचा नाहीये."

"त्यानं सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?" ती एकेक शेंग दाबून बघत होती. "त्यात मी नव्हते."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे काय? आजच्या सिनेमात दोन तास मी होते. आईंच्या आजारपणात मी डॉक्टरांना बोलले ते होतं. माझ्या भावाशी भांडले ते होतं. मागच्या दिवाळीत मी तुम्हाला बोलले, तुम्हाला एकट्याला, तेही होतं. मागची पोरं टाळ्या देत होती त्यावर." तिनं मटार तराजूत टाकला. "मी काही बोलले की तुमचे डोळे चमकतात. मी चिडून बोलले तरी चमकतात. मग आपलं बोलणं तिथंच संपतं, तुम्ही उठून आत जाता. मी कशावर हसू? माझ्यावर?"

"लोकांना तू आवडतेस," मी म्हटलं.

"लोकांना आवडते," ती म्हणाली. भाजीवाला वजन करत होता, तिनं तिकडेच लक्ष ठेवलं होतं. आवाज चढला नव्हता. "भावोजींच्या मालिकेत कुणीच माझ्यासारखं बोलत नाही. म्हणून बघते. आठवड्यातला तेवढा अर्धा तास मी या घरात घडत नसते."

मला तिला सांगायचं होतं की मला इतकी वर्षं फक्त तुझं हसू हवं होतं. त्याच्यावर जळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं तेही तेवढ्यासाठीच. ते सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण त्याच्या आधी, त्याच्या जरासंच आधी, माझ्या मनात आलं की काय वाक्य आहे! घडत नसते. हे मालिकेच्या शेवटच्या भागात घालावं, आणि बायकोच्या पाठीवर कॅमेरा ठेवावा.

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"बघा," ती म्हणाली. "आत्तासुद्धा."

आणि तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.